न पाहता घेतलेलं पुडकं: जुन्या तिकिटांचा मिक्स लॉट कसा मागवावा आणि कसा उघडावा

नाशिकमधल्या एका बँकेत आवक-जावकच्या टेबलावर मी ३१ वर्षं काम केलं. टपाल फोडायचं, नोंदवहीत चढवायचं, पाकिटं रद्दीत टाकायची. त्या रद्दीतून तिकिटं कापून घ्यायची सवय तिथेच लागली. मी निवृत्त झाले तोवर टपालावर तिकिटं फारशी उरली नव्हती; पाकिटावर फ्रँकिंगचा लाल शिक्का नाहीतर बारकोडची पट्टी. मग मी ऑनलाइन पुडकी मागवायला लागले. गेल्या सहा वर्षांत ४३ पुडकी झाली. प्रत्येकाची नोंद वहीत आहे: कुणाकडून, किती ग्रॅम, किती पैसे, आत काय निघालं.

पुडकं म्हणजे वजनावर विकलेली, न निवडलेली जुनी तिकिटं. जाहिरातीत त्याला 'मिक्स लॉट', 'किलोवेअर' किंवा 'मिस्ट्री बॅग' म्हणतात. आत काय आहे ते आपल्याला कळत नाही, पुष्कळदा विकणाऱ्यालाही धड माहीत नसतं. 'लॉटरीच की ही!' असं माझ्या जावेचं म्हणणं. मला ते पटत नाही. लॉटरीत आपल्या हातात काही नसतं. इथे कोणतं पुडकं घ्यायचं, ते कसं उघडायचं आणि कुठे पाहायचं, हे तिन्ही आपल्या हातात असतं. त्यातही तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. विकणाऱ्याने वरची साय काढून घेतलेली असते हे धरूनच चाला. पण तो तिकिटाचं चित्र पाहतो. शिक्का पाहत नाही, पाठ तर बिलकूल पाहत नाही. आपलं सुख तिथेच शिल्लक राहिलेलं असतं.

कोणतं घ्यावं

पहिल्यांदा घेणार असाल तर 'ऑन पेपर' घ्या, म्हणजे पाकिटाच्या तुकड्यासकट कापलेली तिकिटं. 'ऑफ पेपर' म्हणजे आधीच भिजवून सुटी केलेली. ऑफ पेपरमध्ये त्याच वजनात तिकिटं कितीतरी जास्त येतात, त्यामुळे ते स्वस्त वाटतं. पण सुटं करताना ते तिकीट कुणीतरी हातात घेऊन पाहिलेलं असतं, आणि चांगलं असेल तर बाजूला ठेवलेलं असतं. कागदावरचं पुडकं पुष्कळदा कात्री लागल्यापासून कुणी उलगडलेलंच नसतं. माझ्या अनुभवात कागदासकट १०० ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास तिकिटं निघतात.

पुडकं कुठून आलं हे जरूर विचारा. 'बँक मिक्स' म्हणजे बँका, विमा कंपन्या, कचेऱ्या यांच्या टपालातलं. त्यात रजिस्टरची पाकिटं जास्त, म्हणून मोठ्या किमतीची तिकिटंही जास्त. 'मिशन मिक्स' म्हणजे धर्मादाय संस्थांनी लोकांकडून गोळा केलेलं. त्यात रोजची तिकिटं भरपूर, पण शिक्क्यांवरची गावं खूप. मला मिशन मिक्स आवडतं. एखाद्या जुन्या दुकानाचा किंवा अडतीचा पत्रव्यवहार विकायला आला तर तो दोन्हींच्या आधी घ्यावा.

'वर्ल्ड मिक्स' मुलांसाठी छान असतं, मात्र एक ओळखून ठेवा. अजमान, शारजा, फुजैरा अशा अमिरातींच्या नावाची, वाघ, फुलपाखरं, अवकाशयानं असलेली मोठी रंगीत तिकिटं त्यात ढिगाने येतात. शिक्का अगदी कोपऱ्यात, नेटका, पाव वर्तुळाचा. आणि उलटून पाहिलं तर मागे डिंक जसाच्या तसा. म्हणजे ते पत्रावर कधी लागलंच नाही, संग्राहकांना विकण्यासाठीच शिक्का मारून काढलं. मुलाला ते जरूर द्या. त्यासाठी वेगळे पैसे मात्र मोजू नका.

विकणाऱ्याला मी तीन गोष्टी विचारते. ओंजळभर तिकिटं ताटात पसरून आजच्या तारखेचा फोटो पाठवाल का? यातून काही निवडून काढलंय का? ओल किंवा बुरशी लागलीय का? खरा माणूस दुसऱ्या प्रश्नाला 'हो, मोठी काढलीत' असं सरळ सांगतो, आणि मी त्याच्याकडून बिनधास्त घेते. जाहिरातीत १९४८चं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट दाखवून 'कदाचित तुमच्या पुडक्यात असेल!' असं लिहिणाऱ्याकडे फिरकू नका. १५ ऑगस्ट १९४८ला आलेल्या त्या चार तिकिटांचा संच स्वित्झर्लंडमध्ये छापलेला होता, आणि त्यातल्या दहा रुपयांच्या तिकिटाच्या नकला बाजारात फिरतात. खरं असेल तर ते वजनाच्या पुडक्यात कोण टाकेल?

पहिलं पुडकं १०० ग्रॅमच्या वर घेऊ नका. अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवण्यापेक्षा, माल बिघडलेला निघाला तर तक्रार करता येईल अशा ठिकाणाहून घ्या. पुडकं फोडताना मोबाइलवर चित्रण सुरू ठेवा, वजनकाटा चौकटीत दिसू द्या. आणि एक विनंती न लाजता करा: 'पाकिटावर बारकोडबरोबर दोन-चार खरी तिकिटंही लावून पाठवा.' निम्मे विकणारे आनंदाने लावतात. आतलं पाहण्याआधीच बाहेर काहीतरी मिळतं.

उघडण्याआधी

इथे माझं एक नुकसान झालंय ते सांगते. तिसऱ्या का चौथ्या वेळी आलेलं पुडकं मी टेबलावर उघडलं, तिथेच माझं स्टॉकबुक, म्हणजे तिकिटं ठेवायची वही, उघडं होतं. पुडक्याला कुबट वास होता. विकणाऱ्याने 'कोरडा माल' म्हणून लिहिलं होतं, मीही फार मनावर घेतलं नाही. त्या पावसाळ्याअखेर माझ्या जुन्या तिकिटांवर तपकिरी ठिपके पडले. दोन पानं गेली. तेव्हापासून नवीन पुडकं आठ दिवस वेगळ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. वास गेला नाही तर ते संग्रहाच्या खोलीतसुद्धा येत नाही.

आषाढ-श्रावणात पुडकी मागवा, पण भिजवू नका. नाशिकच्या हवेत तेव्हा तिकिटं दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि वाळली तरी गुंडाळी होतात. मी नवरात्र झाल्यावर भिजवायला काढते. तोवर निवडण्याचं काम पुष्कळ असतं.

आधी निवडा, मग भिजवा

नवे लोक हमखास चुकतात ते इथे. पुडकं आलं की सगळं परातीत ओततात. एकदा पाण्यात गेलं की तिकीट आणि कागद यांची फारकत झाली, शिक्क्याचा कागदावरचा अर्धा भाग कायमचा गेला.

दुपारी उजेडात बसा. पांढरं कापड अंथरा. हाताला तेल-पाणी नको. चिमटा घ्या, तोही सपाट टोकाचा, भुवयांचा नको. एक दहापट भिंग. आणि एकेक तुकडा पाहताना चित्राकडे नंतर पाहा, शिक्का आधी वाचा.

शिक्क्यात गावाचं नाव असतं, तारीख असते. सहा आकडी पिनकोड असेल तर शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाला. 'पूना', 'ठाना', 'शोलापूर', 'बसीन' अशी जुनी इंग्रजी नावं भेटतील. बसीन म्हणजे आपली वसई. 'आर.एम.एस.' असेल तर पत्र रेल्वेच्या टपालसेवेतून गेलेलं. शिक्का पूर्ण आणि वाचता येण्याजोगा असेल, तो तिकिटावरून कागदावर उतरला असेल, तर तो तुकडा भिजवायचा नाही. चारही बाजूंनी कागद राखून कापायचा आणि तसाच ठेवायचा.

दोन वर्षांपूर्वी मिशन मिक्सच्या २०० ग्रॅममध्ये मला सातव्या एडवर्डचं एक आण्याचं लाल तिकीट मिळालं. अगदी सर्वसामान्य, असली तिकिटं विकणारे मूठभर फुकट देतात. कागदाचा तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा. मी ते 'एडवर्ड' म्हणून बाजूला सारलंच होतं. मग भिंग लावलं. गोल शिक्क्यात 'मंडाल' एवढी इंग्रजी अक्षरं स्पष्ट, पुढची पुसट. खाली जानेवारी, आणि वर्षाच्या जागी १०. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच मोडायचा, १९३७ साली वेगळा झाला, म्हणून तिथे तिकिटं हिंदुस्थानचीच चालत. आणि जानेवारी १९१०मध्ये लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते. त्या पत्राचा त्यांच्याशी काहीएक संबंध नाही, तसा दावा मी कधी करणार नाही. कुणा व्यापाऱ्याचं असेल, कुणा शिपायाचं असेल. पण ते ज्या गावात होते, त्या गावाच्या पोस्टात त्याच दिवसांत कुणीतरी हे तिकीट चिकटवलं, आणि ते फिरत फिरत माझ्या पांढऱ्या कापडावर आलं. मी ह्यांना हाक मारली. आम्ही दोघं तो नखाएवढा तुकडा किती वेळ पाहत बसलो होतो. तो पाण्यात गेला असता तर माझ्याकडे एक साधं लाल तिकीट उरलं असतं.

भिजवणं आणि पाठ पाहणं

रंगीत पाकिटं आधी वेगळी करा. लाल, जांभळा, खाकी कागद पाण्यात रंग सोडतो आणि शेजारची दहा तिकिटं घेऊन बुडतो. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने, म्हणजे पाणी लागलं की शाईसारखा रंग सोडणाऱ्या पेन्सिलीने, काही लिहिलेलं असेल तर तेही वेगळं. बाकीची परातीत साध्या गार पाण्यात, एका वेळी चाळीसच्या वर नाही. साबण नको, गरम पाणी नको. वीस मिनिटांनी तिकीट कागदावरून आपोआप सरकतं. सरकलं नाही तर ओढू नका, आणखी दहा मिनिटं द्या. मागचा डिंक बोटाने हलकेच पुसा, दुसऱ्या स्वच्छ पाण्यातून काढा. अलीकडची अमेरिकन स्टिकरची तिकिटं सुटतच नाहीत. ती कागदासकटच कापून ठेवा.

आता तिकीट ओलं आहे तोवरच करायचं काम. हॉटेलच्या पार्सलचा काळा प्लॅस्टिकचा डबा असतो ना, त्याचं झाकण धुऊन ठेवा. ओलं तिकीट त्यावर पालथं टाका आणि खिडकीजवळ तिरकं धरा. कागदातला वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, गडद होऊन वर येतो. त्यासाठी लोक रसायनं वापरतात; ओल्या तिकिटाला पुष्कळदा त्याची गरज पडत नाही.

पाचव्या जॉर्जचं एक आण्याचं चॉकलेटी तिकीट प्रत्येक जुन्या पुडक्यात निघतं. दोन समोर ठेवली तर जुळी भावंडं. पालथी करा. एकीच्या पाठीवर एकच मोठा तारा दिसेल, दुसरीवर लहान लहान ताऱ्यांची रांग. एकटा तारा असलेलं लंडनला द ला रू कंपनीत छापलेलं. बारीक तारे असलेलं आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, जिथे १९२६पासून तिकिटं छापली जाऊ लागली. दोन्हींना किंमत म्हणावी अशी नाही. पण मी या शहरात जन्म काढला, प्रेसचा भोंगा ऐकत मोठी झाले, आणि पहिल्यांदा त्या काळ्या झाकणावर ते छोटे तारे उमटताना पाहिले तेव्हा मला जो आनंद झाला तो पैशांत सांगता येणार नाही.

हीच गंमत भारताच्या नकाशाच्या तिकिटांत आहे. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि ही मालिका आली. सुरुवातीच्या कागदात तारे आहेत, १९५८पासून अशोकाची सिंहशीर्षं. चित्र तेच. याच मालिकेत तेरा नव्या पैशांचं तिकीट आहे. दोन आण्यांचे होतात साडेबारा नवे पैसे, आणि अर्धा पैसा तर नव्हताच, म्हणून तेरा. पुतण्याच्या मुलीला अपूर्णांक शिकवताना मी हेच तिकीट पुढे ठेवलं होतं.

वाळवायला जुनं सुती कापड किंवा टीपकागद. तिकिटं पालथी. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. जवळजवळ वाळली की कोऱ्या कागदांत घालून जाड पुस्तकाखाली एक रात्र.

चित्रावरचं लिहिलेलं वाचा

पुडक्यातला मोठा ठेवा ओव्हरप्रिंटमध्ये असतो, म्हणजे छापून झालेल्या तिकिटावर नंतर उमटवलेल्या अक्षरांत. मे महिन्यात पुतण्याची मुलगी राहायला आली होती, सहावीत आहे. तिला मी पाचव्या जॉर्जचा ढीग रंगांप्रमाणे लावायला दिला. अर्ध्या तासाने म्हणाली, "आजी, याच्यावर हिंदीत काहीतरी लिहिलंय." पाहते तर काळ्या शाईत इंग्रजीत एक शब्द आणि त्याच्याखाली देवनागरीत 'ग्वालियर'. मी म्हटलं, "अगं, हे शिंद्यांचं!" ग्वाल्हेर संस्थानाची तिकिटं अशीच असत: ब्रिटिश हिंदुस्थानचंच तिकीट, वर संस्थानाचं नाव. पतियाळा, जिंद, नाभा, चंबा यांचीही तशीच. होळकरांनी मात्र इंदूरला स्वतःची वेगळी तिकिटं काढली, त्यांवर महाराजांचं चित्र. मी तो ढीग आधी दोनदा हाताळला होता. राजाचा चेहरा ओळखीचा झाला की डोळे पुढे सरकतात. म्हणून पुडकं निवडताना एक लहान मूल शेजारी असावं, ते न ओळखता पाहतं.

गोव्याचंही असंच. पोर्तुगीज अक्षरं दिसली की लोक ते तिकीट पोर्तुगालच्या ढिगात टाकतात. 'इंडिया' हा शब्द शोधा आणि किंमत पाहा. रेइस, टांगा किंवा रुपिया असेल तर ते आपल्या गोवा, दमण, दीवचं. १९६१ला तिथला पोर्तुगीज कारभार संपला.

आणि १९७१. कुटुंबनियोजनाचं पाच पैशांचं लहानसं लाल तिकीट, त्यावर 'रेफ्युजी रिलीफ'. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी त्या वर्षी नोव्हेंबरपासून पत्रांवर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. तो कर १९७३च्या मार्चअखेर संपला. नाशिकहून छापील तिकिटं पोहोचेपर्यंत ठिकठिकाणच्या पोस्टांनी रबरी शिक्के मारून वेळ भागवली, ते तऱ्हेतऱ्हेचे आहेत. छापील पाहिजे तितकी मिळतात. रबरी शिक्क्याचं दिसलं तर कागदावरून सोडवू नका, आणि त्यावर पोस्टाचा खरा शिक्का व तारीख जुळते का पाहा, कारण रबरी शिक्का घरीही बनवता येतो.

उरलेल्यांचं काय

एकसारखी पुष्कळ उरतात. लोक ती टाकून देतात, मला ते सहन होत नाही. शंभरांचे गठ्ठे दोऱ्याने बांधा, बटरपेपरच्या पाकिटात उभे ठेवा, पाकिटावर तारीख घाला. साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळा, त्या तिकिटाला चिकटतात. कसर लागू नये म्हणून कपाटात कडुलिंबाचा पाला ठेवते. तोही पूर्ण वाळलेला. शाळेतल्या मुलांना द्यायची तर नीट निवडलेली, न फाटलेली द्या. मुलाला फाटकं दिलं की त्याला ही वस्तू फाटकीच वाटते.

माझ्या उरलेल्या नकाशाच्या तिकिटांतून एक नवंच काम निघालं. पाच नव्या पैशांच्या हिरव्या तिकिटांवर मी नाशिक जिल्ह्यातली पोस्टं शोधते. जिल्ह्याचा नकाशा जाड पुठ्ठ्यावर काढलाय आणि शिक्का सापडला की तिकीट त्या गावाशेजारी लावते. लासलगाव सगळ्यात आधी मिळालं, सात वेळा. कांद्याच्या व्यापाऱ्यांची पत्रं असणार. देवळाली कॅम्प नऊ वेळा, ती जवानांची. येवला, सिन्नर, मनमाड, चांदवड, निफाड, कळवण. त्र्यंबकचा शिक्का इतका सुबक उमटलाय की आतली तारीख भिंगाशिवाय वाचता येते. इगतपुरीचा अर्धाच आहे, तरी लावलाय. दिंडोरी गेल्या महिन्यात मिळालं.

पेठ आणि सुरगाणा अजून नाहीत. डोंगरातले तालुके, तिथून पत्रं निघायचीच थोडी. धुळ्याहून एका बंद झालेल्या किराणा दुकानाच्या पत्रव्यवहाराचं अडीचशे ग्रॅमचं पुडकं सोमवारी निघालंय. दुकानदार हिरडा घ्यायचे असं विकणाऱ्याने सांगितलं. हिरडा सुरगाण्याच्या जंगलातून येत असेल तर पत्रही आलं असेल.